नाचाचा एक तास शाळेच्या वेळापत्रकात हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानांवर शाळांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे येऊ लागतात आणि जानेवारी सरेपर्यंत ती येतच राहतात. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली, शहापूर, कुठल्याही शाळेचे छायाचित्र घेतले तरी त्यात एक रांग हमखास असते. भाड्याने आणलेल्या चकचकीत पोशाखातली मुले, सगळ्यांचे उजवे हात एकाच कोनात वर, आणि बहुतेकांची नजर रंगमंचाच्या एका कोपऱ्याकडे, जिथे नाच बसवणारे सर किंवा मॅडम प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी उभे राहून पुढची स्टेप करून दाखवत असतात. त्या नजरेविषयी मला लिहायचे आहे. पंधरा दिवस रोज दोन-दोन तास तालीम करूनही ज्या मुलाला पुढचे पाऊल कोणते हे दुसऱ्याच्या अंगाकडे पाहूनच कळते, त्याला नाच शिकवला गेला असे कसे म्हणायचे, हा माझा प्रश्न आहे.

मी बेळगाव तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये ३१ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. संमेलनातले नाच बसवण्याचे काम बहुतेक वर्षी माझ्याकडेच असे आणि मीही ते याच पद्धतीने केले, हे आधी सांगितले पाहिजे. गाणे ठरवायचे, त्याच्या ओळी तोडायच्या, प्रत्येक ओळीला एकेक हालचाल चिकटवायची आणि चाळीस मुलांकडून ती घोटून घ्यायची. त्या काळी कॅसेट होती, आता मोबाइलवरचा व्हिडिओ आहे. निवृत्तीनंतर मात्र गेली चार वर्षे वडगावातल्या एका देवळाच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांसाठी आणि बायकांसाठी हालचालीचा एक तास घेते आहे आणि शाळेत जे माझ्या लक्षात आले नाही, ते या तासाने मला शिकवले. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझी नात सहावीत होती. तिच्या शाळेने संमेलनासाठी बाहेरून कोरिओग्राफर बोलावले होते. पहिल्याच दिवशी मुलींना उंचीप्रमाणे उभे केले गेले आणि मग तिला सांगण्यात आले, ‘तू मागच्या रांगेत उभी राहा, पुढे बारीक मुली हव्यात.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, कारण रंगमंच कसा दिसेल एवढाच विचार त्याच्यापुढे होता. त्या रात्री ती कपाटाच्या आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. तिने मला विचारले, ‘आजी, श्वास न घेता माणूस किती वेळ राहू शकतो?’ अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराची ओळख अशी व्हावी, आणि तीही नाचाच्या निमित्ताने व्हावी, हे मला फार लागले. नाच ही गोष्ट याच्या अगदी उलट्या कामासाठी आहे, असे मी मानत आले होते.

डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावायला सांगितले तर आपण ते सहज लावतो. बोट कुठे आहे हे डोळ्यांनी न पाहताच आपल्याला ठाऊक असते, कारण स्नायूंच्या आणि स्नायुबंधांच्या आत अगदी बारीक संवेदक असतात आणि स्नायू किती ताणला गेला, सांधा किती वाकला, याची बातमी ते क्षणोक्षणी मेंदूकडे पोचवत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला स्वतंत्र नाव दिले. तिच्या जोडीला आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, ज्यांच्यामुळे डोके कुठे आणि किती वेगाने वळले हे कळते. शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकवतो आणि तिथेच थांबतो, पण अंधारात जिना उतरताना, डोक्यावर घागर तोलताना, गर्दीतून सायकल काढताना आपण ज्याच्या भरवशावर असतो ते हे सहावे ज्ञान कुणी मुलांना दाखवूनच देत नाही. ते सरावाने धारदार होते आणि न वापरल्यास बोथट होते. दिवसाचे सहा तास बाकावर आणि उरलेले मोबाइलवर मान घालून काढणाऱ्या मुलांना मी एका पायावर उभे राहून डोळे मिटायला सांगते, तेव्हा पाच-सात सेकंदांत बहुतेकांचा दुसरा पाय जमिनीला लागलेला असतो. अशी चाचणी कुठल्याही शिक्षकाने उद्या वर्गात घेऊन पाहावी.

आपल्याकडच्या फुगडीत हे सगळे शास्त्र मुरलेले आहे. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पायांचे चवडे चवड्यांना भिडवतात, हातांची कैची घालतात आणि मागे कलतात. त्या कलण्याच्या क्षणी प्रत्येकीचा भार दुसरीच्या हातात गेलेला असतो. एकीने भार राखून ठेवला, म्हणजे मागे कललेच नाही, तर फुगडी फिरतच नाही, नुसती ओढाताण होते. एकीने जास्त ओढले तर दुसरी तोल जाऊन पुढे येते. दोघींची उंची आणि वजन सारखे नसेल तर जिचे वजन जास्त तिने कमी कलायचे, हे कुणी शिकवत नाही, दोन फेऱ्यांत मनगटांनाच ते समजते. शनिवारच्या तासाला आलेल्या माझ्या नातीने पहिली फुगडी तिच्याहून निम्म्या वजनाच्या मुलीबरोबर घेतली. कोण मागे आणि कोण पुढे हा प्रश्न तिथे उरलाच नाही, कारण ती धाकटी पोर वाऱ्यासारखी फिरू शकली ती समोर हिचा भार होता म्हणून. घरी आल्यावर नातीने मला तिच्या मनगटावरचे लाल वळ दाखवले आणि त्या दाखवण्यात तिला अभिमान होता. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा हे सारे गौरी-गणपतीत आणि नागपंचमीला अजूनही आपल्या गावांत खेळले जाते, पण शाळेच्या दाराशी आले की त्याचे रूपांतर नऊवारी नेसून गाण्यावर केलेल्या ‘आयटम’मध्ये होते. त्यात मुली हात धरतात खऱ्या, भार मात्र कुणी कुणाच्या हाती देत नाही.

आमच्या तासाला येणाऱ्या एका बाईंविषयी सांगते. त्या मूळच्या निपाणीच्या, तीस वर्षे विड्या वळल्या, आता लेकीकडे वडगावात राहतात. ज्यांनी विडी कामगार बाईला जवळून पाहिले आहे त्यांना ते बसणे ठाऊक असेल. मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पाने आणि जर्दा, मान सुपावर झुकलेली, पाठीची कमान झालेली, आणि या सगळ्या न हलणाऱ्या शरीराच्या टोकाला दहा बोटे मात्र भिंगरीसारखी चालू. पहिल्या दिवशी मी सर्वांना डोळे मिटून उभे राहायला सांगितले आणि भार टाचेवर पडतो आहे की चवड्यावर, डावीकडे की उजवीकडे, एवढेच मनात पाहायला सांगितले. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘बाई, मला माझं पायच लागंनात बघा.’ मी त्यांना बसवले आणि म्हटले, हातांना जे येते तेच करा, सूप नाही, पान नाही, नुसते हात. त्यांनी हवेत पान धरले, कात्रीने कापले, जर्दा पसरला, वळले, दोरा गुंडाळला, तोंड मुडपले. मग पुन्हा, आणि पुन्हा, दर खेपेला अगदी तेवढ्याच वेळात. खोलीतल्या पोरी बोलायच्या थांबल्या होत्या. मी त्यांना तेच हळू करायला सांगितले, मग मोठे करायला सांगितले, आधी कोपरापासून आणि नंतर खांद्यापासून, आणि वळण्याची ती क्रिया जसजशी मोठी होत गेली तसतसे त्यांचे खांदे उघडले, पाठ सरळ झाली आणि शेवटी त्या नकळत उठून उभ्या राहिल्या. ‘ह्ये नाच कसलं? ह्ये तर मी तीस वरसं करतोय की,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे आठ मुलींनी ती हालचाल उचलली, ढोलकीवर मी साथ धरली आणि पुढच्या तीन शनिवारांत त्यातून चार मिनिटांचा एक नाच उभा राहिला, ज्याचे गाणे कुठल्याही चित्रपटात सापडणार नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आपापल्या घरचे काम अंगात शोधायला सांगते. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात मागावर काम केलेली माणसे घरोघर आहेत. एक वृद्ध विणकर सभागृहाच्या दाराशी नातवाला न्यायला येऊन बसत असत. ढोलकी सुरू झाली की त्यांची पावले खड्ड्यातल्या मागाच्या पावड्या दाबल्यासारखी एकाआड एक खाली जात आणि उजवा हात धोट्याची दोरी ओढल्यासारखा किंचित झटका घेत असे. यंत्रमाग येऊनही कितीतरी वर्षे झाली, पण पायांनी तो हातमाग अजून सोडलेला नाही. मुलांना मी त्यांच्यासमोर बसवले आणि नुसते पाहायला सांगितले. डोके एक काम करते आहे, हात दुसरे, पाय तिसरे आणि तिन्हींचा मेळ एकाच लयीत बसतो आहे, हे पाहणे म्हणजे तालाचा पाठच होता.

कुणी म्हणेल की हा हौसेचा खेळ झाला, यात शिक्षण कुठे आले? आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीला नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणातले वचन पाठ करवून घेतात की जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, जिथे मन तिथे भाव आणि जिथे भाव तिथे रस. या साखळीची पहिली कडी हात आहे, म्हणजे शरीर आहे, आणि भाव त्याच्या मागून येतो. मी वर ज्या संमेलनातल्या मुलांचे वर्णन केले त्यांची दृष्टी हाताकडे नसून पडद्याआडच्या सरांकडे असते आणि त्यामुळे साखळी पहिल्याच कडीला तुटते. चेहऱ्यावर हसू आणा असे त्यांना वरून ओरडून सांगावे लागते, यात त्या मुलांचा दोष नाही.

पाश्चात्त्य देशांत याच धाग्याने वैद्यकापर्यंत मजल गेली. मॅरियन चेस या नर्तकीने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर नृत्याचे काम सुरू केले. जे रुग्ण बोलत नव्हते त्यांच्यासमोर उभे राहून त्या त्यांच्याच बारीकसारीक हालचाली स्वतःच्या अंगाने परत करत आणि तिथून संवाद सुरू होई. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली तेव्हा त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ पासून कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ व्यक्तींच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन यांच्याबरोबरच नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले आणि पाहिलेल्या शारीरिक व्यायामांपैकी असा संबंध फक्त नृत्याशी दिसला. एका पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे मला कळते, परंतु आषाढीला बेळगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीतल्या सत्तरीच्या आजी टाळाच्या ठेक्यावर पावली खेळताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही. मृदंगाची गती बदलली की पावलांचा क्रम बदलायचा, पुढच्याच्या पाठीवर आदळायचे नाही, मागच्याला अडवायचे नाही आणि त्याच वेळी अभंगाचे शब्द तोंडात ठेवायचे. इतके सगळे एकाच वेळी सांभाळणारे डोके जागेच असणार.

सीमाभागातल्या मुलांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी माध्यमाच्या आपल्या मुलांना घरी मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी, आणि बाजारात, बसमध्ये, कार्यालयात जी समोर येईल ती भाषा, असे जगावे लागते. आपल्या भाषेच्या हक्कासाठी आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे, त्यात काही कमी-जास्त करण्याचा माझा हेतू नाही. पण उत्तर चुकेल, उच्चार चुकेल, शब्दाचे लिंग चुकेल या धास्तीने वर्गात खांदे आखडून बसणारी मुले मी तीन दशके पाहिली आहेत. आमच्या शनिवारच्या तासाला कन्नड घरांतली मुलेही येतात. ‘थांब’ म्हटले काय आणि ‘निल्लु’ म्हटले काय, सगळ्यांचे पाय एकाच क्षणी थांबतात, आणि एकमेकांच्या हालचालीला हालचालीनेच उत्तर द्यायचे असल्यामुळे ज्याला शब्द सुचत नाहीत त्यालाही सांगण्यासारखे खूप असते. मागच्या पावसाळ्यात एका धनगर मुलाने तासाला गजी ढोलाची पावले करून दाखवली. गोल धरायचा, ढोलाच्या वजनाने कंबर मागे आणि गुडघे सैल ठेवायचे, उडी घेताना ढोल अंगाला चिकटून राहिला पाहिजे. ती पाहून एका कुरुबर, म्हणजे कन्नड धनगर, मुलाने सांगितले की त्यांच्याकडच्या डोळ्ळु कुणित या ढोलनाचात हेच आहे. एकाच्या घरी बिरोबा, दुसऱ्याच्या घरी बीरेश्वर, आणि ढोल बांधायची जागा दोघांच्याही कमरेवर तीच. त्यानंतर दोघांनी मिळून जे केले ते पाहताना कोणते पाऊल कुठल्या भाषेतले हे मला ओळखता आले नाही.

या जिल्ह्याला शरीराच्या कलेची श्रीमंती थोडीथोडकी नाही. श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते कुलगोड तम्मण्णा याच जिल्ह्यातले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर डोक्यावरचा ‘जग’, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, हात न लावता तोलत गिरक्या घेणारे जोगती, म्हणजे देवीला वाहिलेले भक्त, आपण लहानपणापासून पाहत आलो. मान, खांदे आणि डोळे स्थिर राहतात आणि कमरेखालचे सारे शरीर मोकळे असते, हे कौशल्य कोणत्याही नृत्यविद्यालयाच्या अभ्यासक्रमात शोभावे असे आहे. मंजम्मा जोगती यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, तेव्हा या कलेला उशिरा का होईना मान मिळाला. आपल्या शाळांत मात्र जोगती नृत्याचा विषय काढला तर शिक्षकच एकमेकांकडे पाहतात.

या संकोचाचे मूळ मला माहीत आहे आणि त्याला मी हसणार नाही. याच देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या गरिबांच्या मुली देवाला सोडल्या गेल्या आणि ती प्रथा बंद करण्यासाठी कर्नाटकाला १९८२ चा कायदा करावा लागला. ‘चांगल्या घरच्या मुली नाचत नाहीत’ हे वाक्य आमच्या आज्यांनी म्हटले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नाचणाऱ्या बाईच्या शरीरावर दुसऱ्याची मालकी होती. ती भीती खरी होती. पण आज त्या भीतीचा परिणाम असा झाला आहे की सातवी-आठवीपर्यंत उड्या मारणारी मुलगी एकाएकी हालायचीच थांबते. दप्तर छातीशी धरून, खांदे पुढे ओढून, लहान पावले टाकत ती चालू लागते आणि दोन-तीन वर्षांत तो बाक पाठीच्या कण्यात मुरतो. तिला कुणी ओढणी नीट घे असे दिवसातून दहा वेळा सांगते, खांदे मागे घेऊन श्वास पोटापर्यंत जाऊ दे असे एकदाही सांगत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला ‘आज नको, बाई’ म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुलींच्या रांगा मी वर्षानुवर्षे पाहिल्या आणि हजेरी मांडून पुढे गेले, याची खंत मला आहे. आमच्या तासाला मुली आल्या की पहिली दहा मिनिटे दिवे मंद करून फक्त जमिनीवर झोपून श्वास पाहायचा असतो. पोट वर येते, पाठ जमिनीला टेकते, खांदे पसरतात, आणि आपल्याकडे कुणी पाहत नाही याची खात्री पटली की मग त्या हलतात.

मुलग्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या वाट्याला आता मिरवणुकीतला डीजे आला आहे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे आणि गणेश विसर्जनात लेझीम, झांज आणि ढोल-ताशांची पथके अजूनही आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांत मुलीही मोठ्या संख्येने दिसू लागल्या, हे फार चांगले झाले. परंतु ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन्‌तास एकाच जागी हात वर करून उसळणाऱ्या पोरांना ताल ऐकावाच लागत नाही, कारण तो त्यांच्या छातीवर आदळत असतो. लेझीमचे तसे नाही. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, यांतले काहीही घ्या, हातातल्या चकत्यांचा आवाज ही प्रत्येकाची स्वतःची परीक्षा असते, मनगट अर्ध्या मात्रेने मागे पडले तर बाजूच्याच्या आधी आपल्यालाच ते ऐकू येते. शंभर जणांच्या पथकात शंभर जण स्वतःला ऐकत असतात आणि त्यातूनच तो एक मोठा आवाज तयार होतो. ज्या शाळांच्या कोठारात लेझमा गंजत पडल्या असतील त्यांनी त्या काढून तेल-पाणी करावे, एवढी विनंती आहे.

संमेलनाच्या तालमींविषयी दोन गोष्टी मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून सांगितल्याच पाहिजेत. वर्षभर न हललेल्या मुलांना पंधरा दिवस सिमेंटच्या फरशीवर अनवाणी उड्या मारायला लावल्या की नडगी आणि टाच दुखण्याच्या तक्रारी येणारच. उडीवरून उतरताना आधी चवडा टेकावा, मग टाच, आणि गुडघे वाकलेले असावेत, हे शिकवायला एक तासही लागत नाही, पण गाण्याला वेळेत बसवण्याच्या घाईत ते शिकवले जात नाही. दुसरी गोष्ट स्पर्शाची. मुलाचा हात किंवा कंबर सरळ करताना ‘हात लावू का’ असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मी ती शनिवारच्या तासाला सुरू केली तेव्हा पहिले काही आठवडे मुले नुसती लाजली. मग एके दिवशी चौथीतल्या एका मुलीने मला ‘नको बाई, मी करते’ असे सांगितले आणि स्वतःच खांदा खाली घेतला. आपले शरीर आपले आहे हे तिला कळले होते. मुलांच्या सुरक्षिततेविषयी शाळांत व्याख्याने होतात, ती व्हावीतच, परंतु ‘नको’ म्हणण्याचा सराव अंगाला असेल तरच तो प्रसंगी तोंडातून निघतो.

आता मागणीकडे येते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्र-शिल्प, संगीत, नृत्य आणि नाट्य या कला दहावीपर्यंत शालेय शिक्षणाचा भाग असाव्यात असे म्हटले होते, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि कला यांच्यामधली भिंत काढायला सांगितले. प्रत्यक्षात आपल्या शाळांत नृत्य उरले आहे ते प्रतिभा कारंजी या सरकारी शालेय कलास्पर्धेपुरते आणि संमेलनापुरते, म्हणजे निवडलेल्या दहा-बारा मुलांपुरते. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या शाळांनी, निदान प्राथमिक शाळांनी, आठवड्याचा एक तास सर्व मुलांच्या हालचालीसाठी ठेवावा. त्यासाठी नवे पद लागत नाही, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक किंवा उत्साही वर्गशिक्षक तो घेऊ शकतात. झाडलेली एक खोली आणि एखादी हलगी किंवा ढोलकी एवढेच साहित्य. आरसा नको, मोबाइल नको, आणि चौथी-पाचवीपर्यंत तरी क्रमांक आणि बक्षिसेही नकोत, कारण बक्षीस आले की मागची रांग आलीच. गावातले पखवाजवाले, गजी ढोलवाले, पारिजातातले जुने कलाकार, मंगळागौरीचे खेळ येणाऱ्या आज्या यांना वर्षातून दोन-तीनदा या तासाला बोलवावे आणि त्यांचा मान म्हणून नारळाबरोबर मानधनही द्यावे. शाळा सुधारणा समित्यांनी पोशाखाच्या भाड्यासाठी पालकांकडून जे पैसे गोळा होतात त्यांतला थोडा भाग इकडे वळवला तरी हे भागेल.

संमेलन बंद करा असे मी म्हणत नाही. त्यातला एक तरी नाच मुलांनी स्वतः रचलेला असावा, तो कसाही होवो. पालकांना सुरुवातीला तो ओबडधोबड वाटेल. आमच्या विडीच्या नाचाला पहिल्यांदा पाहणाऱ्यांपैकी काहींनी विचारले होते की गाणे कधी सुरू होणार. त्या बाईंची लेक मात्र समोर बसून रडत होती, कारण आईचे हात तिने आयुष्यभर सुपावरच पाहिले होते.

नव्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक मे अखेरीस मुख्याध्यापकांच्या टेबलावर तयार होते. त्याआधी, २९ एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय नृत्य दिनाच्या निमित्ताने, गटशिक्षणाधिकारी कार्यालयांनी इच्छुक शिक्षकांची एक दिवसाची बैठक बोलवावी, अशी विनंती मी आपल्या दैनिकाद्वारे करत आहे. तोपर्यंत ज्या शिक्षकांना हा तास कसा चालतो ते पाहायचे असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वडगावात यावे. बसून पाहण्याची सोय नाही. चपला बाहेर काढून आत यावे लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
वडगाव, बेळगाव